बॅक-हाफ किट: लोखंड चांगलं, कागद कच्चा

ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीच्या गाडीचा मागचा अर्धा भाग कापून काढायचा, त्या जागी अरुंद रेल (चेसिसच्या लांब नळ्या), फोर-लिंक (मागचा धुरा धरणारे चार बार) आणि नाइन-इंच हाउसिंग (त्या धुऱ्याचं कवच) बसवायचं आणि रुंद स्लिक (बिननक्षीचे) टायर पत्र्याच्या आत घ्यायचे. एवढ्या कामासाठी सुटे भाग एकत्र करून जे विकलं जातं ते बॅक-हाफ किट. इथे तपासलंय ते मधल्या पट्टीतलं, माइल्ड स्टीलचं, स्वतः वेल्ड करायचं किट. असं किट विकणारे पुष्कळ आहेत. खोकी उघडल्यावर निघणारा माल बराचसा सारखाच असतो आणि त्याच्या खोडीही सारख्याच.

खोक्यातून निघतं ते असं: २ x ३ इंच चौकोनी नळीच्या दोन रेल, भिंत ०.१२० इंच, अ‍ॅक्सलवरून जाणारा बाक आधीच दिलेला. आडवा क्रॉसमेंबर. दीड सूत, म्हणजे ३/१६ इंच जाड पत्र्यातून लेझरने कापलेले फोर-लिंकचे ब्रॅकेट. सव्वा इंची नळीचे चार बार, त्यांना पाऊण इंची आठ रॉड-एंड (टोकाचे फिरते सांधे). एक तिरपा बार. कॉइल-ओव्हरचे (स्प्रिंग गुंडाळलेल्या शॉकचे) वरचे-खालचे पकडे. पत्रा जोडून बनवलेलं नाइन-इंच हाउसिंग. दहा पायांच्या केजच्या (चालवणाऱ्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या) वाकवलेल्या नळ्या, १ ५/८ इंच व्यासाच्या, ०.१३४ भिंतीच्या. चाकांवरचे टब (पत्र्याची झाकणं). आणि पाठपोट छापलेला एक कागद. कॉइल-ओव्हर, थर्ड मेंबर (हाउसिंगमध्ये बसणारा गिअरचा संच), अ‍ॅक्सल, ब्रेक, व्हीली बार (पुढची चाकं फार उचलू न देणारा) ह्यातलं काहीही ह्या खोक्यात नसतं. किंमत बघताना हे आधी डोक्यात घ्यावं, कारण जे नाही तेच महाग आहे.

रेलपासून सुरुवात करू. बाक मँड्रेलवर (नळीला आतून आधार देऊन) काढलेला आहे, आतल्या अंगाला सुरकुती नाही, दोन्ही रेल एकावर एक ठेवल्या तर अर्ध्या सुताच्या आत जुळतात. ह्या भागाला नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही टोकं मात्र मुद्दाम लांब सोडलेली असतात आणि पुढचं टोक कुठे कापायचं हे कागदावर नाही. ते ठरतं चाकाच्या उंचीवरून, म्हणून टायर हातात आल्याशिवाय रेलला करवत लावू नये. स्लिकचा व्यास कंपनीच्या तक्त्यातून न घेता ठरलेली हवा भरून टेपने मोजावा. तक्त्यातला आकडा आणि भरलेला टायर ह्यांत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने गाडीची मागची उंची बदलते. अ‍ॅक्सल वर उचलला जाईल तेव्हा रेलच्या बाकाखाली किमान ३ इंच मोकळे राहिले पाहिजेत. त्याहून कमी ठेवले की पहिल्या जोरकस लाँचला (सुटतानाच्या दणक्याला) नाही, पण पट्टीच्या शेवटी ब्रेक मारून खड्ड्यावरून जाताना हाउसिंग रेलवर आदळतं.

कापायच्या आधीचं काम कागदात एका ओळीत उरकलंय: ‘गाडी समपातळीत आणावी.’ प्रत्यक्षात निम्मं काम तिथेच आहे. युनिबॉडी (वेगळी चेसिस नसलेल्या) गाडीचा मागचा फ्लोर काढला की शरीर पाठीतून सैल पडतं. दाराच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घेऊन ती पत्र्यावरच लिहून ठेवावीत आणि चौकटीत तात्पुरती आडवी-तिरपी नळी टॅक (ठिपक्यापुरती वेल्ड) करावी. मूळ अ‍ॅक्सल जागेवर असतानाच ओळंबा सोडून त्याची मध्यरेषा दोन्ही बाजूंच्या रॉकर पॅनेलवर (दाराखालच्या पट्टीवर) कोरून घ्यावी. खडूने नव्हे, कोरूनच, कारण पुढच्या काही आठवड्यांत खडू शंभर वेळा पुसला जातो. गाडीची लांबीतली मध्यरेषा पुढच्या सस्पेन्शनच्या बिंदूंवरून जमिनीवर उतरवावी. बंपर किंवा पत्र्याच्या कडेवरून ती कधीच काढू नये, पत्रा कारखान्यातूनच सुतात नसतो. नवीन रेल जागेवर आल्या की समोरच्या त्याच बिंदूंपासून दोन्ही मागच्या ब्रॅकेटपर्यंत तिरपं माप घ्यायचं. दोन मापांत अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे १/१६ इंचापेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून पुन्हा बसवायचं. रेल सरळ असणं आणि रेल गाडीत सरळ बसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली किट देतं. दुसरी जिग (भाग मापात पकडून ठेवणारा सांगाडा) देतो, आणि जिग खोक्यात नसतो.

आता हाउसिंग. किटमधला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात सहज बिघडणारा भाग हाच.

फोर्डने नाइन-इंच अ‍ॅक्सल गाड्यांत १९५७ पासून १९८६ पर्यंत बसवला. आज ड्रॅग कारमध्ये ज्याला नाइन-इंच म्हणतात त्यात बहुतेकदा फोर्डचा एकही तुकडा नसतो, उरली आहे ती रचना. गिअर समोरून एका तुकड्यात बाहेर निघतो, त्यामुळे पिटमध्ये रेशो बदलता येतो. पिनियनच्या (ड्राइव्हशाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) शेपटाला तिसरं बेअरिंग आहे, त्यामुळे जोर आल्यावर तो मागे झुकत नाही. बदल्यात पिनियन रिंग गिअरच्या मध्यापेक्षा बराच खाली आहे, दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तेल तापवण्यात जाते. भारी गाडीसाठी हा व्यवहार फायद्याचा आहे. इंजिन छोटं आणि गाडी हलकी असेल तर विचार करावा.

किटमधलं हाउसिंग ३ इंची, पाव इंच भिंतीच्या नळ्यांचं आहे, पाठीवर आडवा ब्रेस आधीच वेल्ड केलेला. टोकांचे फ्लँज सुटे देतात. काहींना ही कुचराई वाटते, पण फ्लँज सुटेच हवेत. कारण फोर-लिंकचे ब्रॅकेट वेल्ड केल्यावर हे हाउसिंग वाकणार आहे. वाकेल का हा प्रश्नच नाही, किती वाकेल एवढाच आहे.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. ब्रॅकेटचा जास्त वेल्ड नळीच्या पुढच्या अंगाला पडला तर दोन्ही टोकं पुढे येतात आणि मागची चाकं टो-इनमध्ये जातात, म्हणजे पुढच्या अंगाने आत वळतात. वरच्या अंगाला पडला तर टोकं वर उचलली जातात, चाकांचे माथे आत झुकतात. डोळ्याला ह्यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते नंतर: चाकाचं बेअरिंग तापतं, अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन एकाच अंगाने झिजतात, आणि शेवटच्या टप्प्यात गाडी जेवढी पळायला हवी तेवढी पळत नाही. मग कारण कार्ब्युरेटरमध्ये शोधलं जातं.

ह्यावर उपाय एकच आणि तो जुना आहे. दीड इंच व्यासाचा घासून सरळ केलेला भरीव दांडा, त्यावर कॅरिअरच्या बेअरिंगच्या आणि टोकांच्या फ्लँजच्या भोकांत नेमक्या बसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या. फ्लँज लावण्याआधी सगळे ब्रॅकेट वेल्ड करून घ्यायचे. वेल्ड करताना थर्ड मेंबरची जुनी रिकामी केस समोर सगळ्या नटांनी आवळून ठेवायची, नाहीतर तोंडाचा सपाट भाग मुरडतो आणि पुढे कितीही गॅस्केट बदला, तेल गळतच राहतं. एका वेळी इंच-दीड इंचाचाच टप्पा, मग दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटवर तेवढाच, मग पुन्हा इकडे. हात लावता येईल इतकं निवल्याशिवाय त्याच जागी परत यायचं नाही. सगळं झाल्यावर दांडा आत घालून टोकाची चकती नळीच्या मध्यापासून किती हलली ते पाहायचं. नळी फार सरकली असेल तर वेल्डच्या बरोबर विरुद्ध अंगाला नाण्याएवढा ठिपका टॉर्चने मंद लाल करून आपोआप थंड होऊ द्यायचा. तो ठिपका आकसला की नळी परत येते. पाणी ओतून घाई करायची नाही. शेवटी दांडा आत ठेवूनच फ्लँज वेल्ड करायचे, आणि काम संपल्यावर तो दांडा हाताने फिरला पाहिजे. हातोड्याने बाहेर काढावा लागला तर हाउसिंग अजून तयार नाही.

कागदात ह्यातलं काय आहे? ‘ब्रॅकेट वेल्ड करा.’ बस.

हाउसिंगची रुंदी मागवताना होणारी चूकही इथेच सांगायला हवी, कारण ती परत करता येत नाही. माप टायरकडून आत यायचं असतं. समजा रेलच्या बाहेरच्या कडा एकमेकींपासून २८ इंचांवर आहेत आणि दोन्हीकडे टायरला एकेक इंच मोकळीक ठेवली. म्हणजे दोन टायरच्या आतल्या भिंतींमध्ये ३० इंच. टायरची भिंत रिमच्या आतल्या कडेपेक्षा इंचभर आत फुगत असेल, तर रिमच्या कडा ३२ इंचांवर आल्या. रिमचं बॅकस्पेसिंग (आतल्या कडेपासून चाक बसायच्या पृष्ठापर्यंतचं अंतर) ५ इंच असेल तर दोन्हीकडचे ५ मिळवून चाक बसायच्या दोन पृष्ठांमधलं अंतर ४२ इंच. पण चाक आणि अ‍ॅक्सलचा फ्लँज ह्यांच्यामध्ये ब्रेक रोटरची टोपीही बसते. तिची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायची. हे वजा करायचं विसरलं की टायर बाहेर जाऊन पत्र्याला लागतो. एक इंच मोकळीक ही कमीत कमी. लाँचला स्लिकची भिंत चुरगळते आणि वेगात टायर उंच होतो, त्यामुळे टबच्या माथ्याला २ इंच तरी ठेवावेत. पिनियन गाडीच्या मध्यावर हवा की दोन्ही अ‍ॅक्सल सारख्या लांबीचे हवेत, हेही मागणीपत्रात स्पष्ट लिहावं. नाइन-इंचचा पिनियन केसच्या मध्यावर नसतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

फोर-लिंकचे ब्रॅकेट पत्र्याच्या दृष्टीने उत्तम. कडा स्वच्छ, डावे-उजवे एकमेकांवर तंतोतंत. तक्रार आहे ती भोकांची. लेझरने कापलेलं भोक किंचित निमुळतं असतं आणि कडेचा पापुद्रा उष्णतेने कडक झालेला असतो. वर रंगाचा थर असेल तर बोल्ट आधी ठोकून बसतो आणि चार लाँचनंतर खुळखुळतो. भोकं थोडी कमी मापाची कापून वर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवायला सांगणारे उत्पादक आहेत, आणि तीच योग्य पद्धत. इथे भोकं पूर्ण मापाची येतात, म्हणून कॅलिपर घेऊन प्रत्येक भोक तपासावं. पाऊण इंची बोल्टची दांडी १९.०५ मिमी. भोक १९.३ च्या वर असेल तर तो ब्रॅकेट परत पाठवावा. अर्धा मिलिमीटरची ढील लाँचच्या दणक्याला हातोडा बनते आणि महिन्याभरात भोक लंबगोल होतं. बोल्टही लांबी पाहून घ्यावा, पत्र्यात आटे न येता गुळगुळीत दांडीच आली पाहिजे.

ब्रॅकेट बसवताना डावा आणि उजवा वेगवेगळे मोजू नयेत. दोन्ही बाजूंच्या त्याच क्रमांकाच्या भोकांतून एकच सरळ पाऊण इंची दांडी आरपार घालावी, आधी वरच्या भोकांतून, मग खालच्या, आणि तशीच ठेवून टॅक मारावेत. हे एवढं महत्त्वाचं का, ते आकड्यांतच पाहावं.

समजा जमिनीपासून मोजलं तर खालच्या बारचं मागचं भोक १०.५ इंचांवर आणि पुढचं ११ इंचांवर आहे. वरच्या बारचं मागचं १९ वर, पुढचं १६ वर. दोन्ही बार २० इंच लांब. बाजूने पाहिलं तर ह्या दोन रेषा पुढे वाढवल्यावर अ‍ॅक्सलपासून सुमारे ४८.६ इंच पुढे, जमिनीपासून ११.७ इंचांवर मिळतात. हा इन्स्टंट सेंटर. गाडी जणू ह्या बिंदूला धरून ढकलली जाते. व्हीलबेस १०५ इंच आणि गुरुत्वमध्य २१ इंच उंच असेल तर टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून निघणारी समतोल रेषा त्या अंतरावर ९.७ इंचांवर असते. बिंदू तिच्या वर आहे, अँटी-स्क्वॅट साधारण १२० टक्के, म्हणजे लाँचला मागचा भाग वर उठेल आणि टायर जमिनीत दाबला जाईल. आता फक्त वरच्या बारचं पुढचं टोक एक भोक वर घ्या, पाऊण इंच. बिंदू थेट ६१.८ इंचांवर जातो, उंची जेमतेम १२ होते, आणि समतोल रेषा तिथे १२.४ वर आहे. गाडी उठायची थांबून किंचित बसायला लागली. एका भोकाने!

हेच उलटं वाचलं की जिगची किंमत कळते. उजवीकडे वरच्या बारचं पुढचं भोक डावीकडच्यापेक्षा एक सूत वर आलं तर त्या बाजूचा बिंदू जवळजवळ २ इंच पुढे जातो. दोन चाकांना वेगवेगळा दणका बसतो आणि गाडी ट्रीवरून (सुटण्याचा इशारा देणाऱ्या दिव्यांवरून) सुटतानाच एका अंगाला ओढते. मग ती बारमध्ये ताण भरून सरळ करायचा खटाटोप सुरू होतो, म्हणजे एक चूक दुसऱ्या चुकीने झाकणं.

भोकं निवडताना सुरुवात ४५ ते ६० इंचांच्या दरम्यानच्या बिंदूने करावी आणि पहिल्या १८ मीटरच्या, म्हणजे ६० फुटांच्या वेळेवरून पुढे ठरवावं. बिंदू फार उंच असेल तर टायर आधी चिकटतो आणि धक्का ओसरताच सुटतो. फार खाली असेल तर गाडी मागे बसते आणि टायर सुरुवातीपासूनच फिरतो. एका वेळी एकच भोक बदलायचं. दोन बदलले तर नेमका कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

किटमधला तिरपा बार सरळ पट्टीवर पळणाऱ्या, पाव मैलाला नऊ-दहा सेकंद घेणाऱ्या गाडीला पुरतो. त्याच्या छोट्या रॉड-एंडमध्ये ढील आली की हाउसिंग आडवं सरकायला लागतं, म्हणून ते दर हंगामाला बदलावेत. त्याहून वेगवान गाडी असेल तर विशबोन (हेच काम करणारा व्ही-आकाराचा बार) वेगळा घ्यावा.

रॉड-एंड हीच ह्या किटमधली खरी कंजुषी. येतात ते साध्या पोलादाचे, यंत्रांत वापरायच्या दर्जाचे. त्यांची मान लाँचच्या ताणाला मोडते. वाकून आधी इशाराही देत नाही, एकदम जाते. उष्णतेने कडक केलेले, क्रोमोलीचे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे), आत टेफ्लॉनचं अस्तर असलेले आठ रॉड-एंड वेगळे मागवावेत आणि किटमधले वेल्डिंगच्या वेळी तात्पुरते म्हणून वापरावेत. त्या कामाला ते उत्तम आहेत, तापले-शेकले तरी हळहळ नाही. बारमध्ये आटा किमान व्यासाच्या दीडपट, म्हणजे नऊ सूत आत असायला हवा. बारच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर २ मिमीचं भोक पाडून ठेवलं की तार घालून आटा तिथवर पोचलाय का ते कधीही पाहता येतं. चेक नट आवळण्याआधी बारच्या दोन्ही टोकांचे रॉड-एंड एकाच पातळीत आणावेत, नाहीतर एक चाक वर जाताच बार अडकतो आणि सस्पेन्शन अचानक कडक होतं.

बारच्या एका टोकाला उजवा आणि दुसऱ्याला डावा आटा आहे, इंचाला १६. त्यामुळे बारला एक पूर्ण फेरा दिला की लांबी बरोबर एक सूत बदलते, आणि षटकोनाच्या एका पाखीने साधारण अर्धा मिलिमीटर. वरच्या उजव्या बारने ताण भरताना चारही चाकं वजनकाट्यांवर, चालवणारा आत बसलेला, टायरची हवा ठरलेली, आणि एका वेळी एकच पाख. त्याआधी दोन्ही बाजूंचे बार मोकळे असतील अशा स्थितीत, बोल्ट बोटांनी आत-बाहेर सरकतोय हे पाहून शून्य पकडायचं. शून्य न पकडता फिरवलेल्या पाखी मोजण्यात अर्थ नाही. पिनियनचा कोन फोर-लिंकसाठी ड्राइव्हशाफ्टच्या मानाने दीड ते दोन अंश खाली ठेवावा आणि तो गाडी चाकांवर उभी असताना मोजावा, स्टँडवर नाही.

कॉइल-ओव्हरचे पकडे ठीकठाक. वरच्या पट्टीला भोकं पुरेशी आहेत, पण सोय म्हणून शॉक फार आत झुकवायचा मोह होतो. स्प्रिंगची परिणामकारकता कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटते: १५ अंशांना ९३ टक्के उरते, ३० अंशांना ७५. गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना शॉक ३० ते ४० टक्के दबलेला असावा.

केजकडे येऊ. नळीचा दर्जा चांगला, डीओएम (मँड्रेलवरून ओढलेली) आहे, आतून शिवण नाही, बाक गोल राहिलेले आहेत. टोकांना आधीच कापून दिलेले खाचे मात्र निरुपयोगी. ते कुठल्यातरी आदर्श गाडीच्या मापाने कापलेले असतात आणि आपल्या गाडीत ३ ते ५ मिमीची फट देतात. मिगने (तार आपोआप सरकणाऱ्या वेल्डिंगने) ती फट भरून निघते, दिसायलाही झाळ जाड दिसते. पण भरलेली फट म्हणजे भिनलेली झाळ नव्हे. मागवतानाच नळ्या बिनखाचेच्या आणि १०० मिमी जास्त लांब मागाव्यात, बहुतेक ठिकाणी देतात.

एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या) नियमांशी ताळा असा. केजच्या मुख्य नळीला १ ५/८ इंच व्यास आणि माइल्ड स्टीलमध्ये किमान ०.११८ इंच भिंत लागते, ४१३० क्रोमोलीत ०.०८३. किटची नळी ०.१३४ आहे ती ह्यासाठी, की बाकाच्या बाहेरच्या अंगाला भिंत पातळ होते आणि तपासनीस अल्ट्रासॉनिक गेज लावून तिथेही मोजू शकतो. वजनाचा फरक मोठा आहे: ०.१३४ ची नळी मीटरला ३.१८ किलो, ०.०८३ क्रोमोली २.०४. केजला ३० मीटर नळी लागली तर ९५ किलो विरुद्ध ६१. चौतीस किलो वाचतात, पण क्रोमोली म्हणजे टिगच (टंगस्टनच्या आर्कमध्ये हाताने काडी द्यायचं वेल्डिंग). ४१३० वर मिग नियमात बसत नाही, माइल्ड स्टीलला दोन्ही चालतं. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचा नाही, तोही नियमच आहे. घासलेल्या झाळेखाली काय होतं ते कोणाला कळणार?

मूळ फ्लोर आणि फायरवॉल शाबूत असलेल्या गाडीला १०.०० सेकंदांपर्यंत रोल बारवर (पूर्ण केजऐवजी चालवणाऱ्यामागच्या कमानीवर) भागवायची सवलत आहे. बॅक-हाफमध्ये फ्लोर कापलेलाच असतो, तेव्हा १०.९९ पासून केज हवाच. ९.९९ किंवा त्याहून वेगवान, अथवा ताशी १३५ मैलांच्या वर गेलं की चेसिसचं प्रमाणपत्र. ८.५० च्या खाली एसएफआय (रेसिंगची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) २५ मालिकेतला दर्जा लागतो आणि तिथे हे किट संपतं. ते तेवढ्यासाठी बनवलेलंच नाही. हे आकडे सुधारत राहतात, म्हणून नळी कापण्याआधी चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडावं.

केज बसवताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली, छपराला चिकटलेल्या जोडाची वरची बाजू वेल्ड करायला टॉर्च जात नाही. मेन हूपच्या (चालवणाऱ्यामागच्या मुख्य कमानीच्या) आणि पुढच्या पायांखालचा फ्लोर आधी कापून, अख्खा टॅक केलेला केज खाली उतरवावा, वरचे जोड पूर्ण गोल वेल्ड करावेत, मग उचलून पायांखाली ६ x ६ इंचाच्या, एक सूत जाड प्लेटी सरकवाव्यात. दुसरी, हूपला आडवी नळी वेल्ड केली की त्याचे पाय आत ओढले जातात. त्यांच्यामध्ये तात्पुरता टेकू ठोकून बसवावा आणि सगळं निवल्यावरच काढावा. दाराकडचा बार सीट बसवल्याशिवाय, चालवणाऱ्याला पट्ट्यांत जखडल्याशिवाय ठरवू नये. तो खांदा आणि कोपर ह्यांच्या मधोमध गेला पाहिजे. रिकाम्या गाडीत तो अंदाजाने बसवला की तपासणीत नापास होतो.

क्रोमोलीचा पर्याय घेतलाच तर: शुद्ध आर्गॉन, मिनिटाला ७ ते ९ लिटर, २.४ मिमी टंगस्टन, १.६ मिमीची ईआर८०एस-डी२ किंवा ईआर७०एस-२ काडी, आणि ०.०८३ भिंतीला ८० अँपिअरच्या आसपास. इतक्या पातळ भिंतीला आधी तापवायची गरज नाही. झाल्यावर मात्र वाऱ्याचा झोत किंवा ओलं फडकं लावायचं नाही, झाळेशेजारची पट्टी कडक होऊन तिथेच तडा जातो. नळी ॲसिटोनने पुसावी. क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर वापरून त्यावर आर्क लावला तर फॉस्जिन तयार होतो. तो विषारी वायू आहे, आणि ह्या बाबतीत ‘थोडंसंच होतं’ असं काही नसतं.

टबचा पत्रा बरा, कडा दुमडलेल्या, पण जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डच्या रेषेपुरता खरवडून काढावा आणि धूर ओढून घ्यायची सोय ठेवावी.

ज्याच्याकडे सपाट टेबल, टिग किंवा बरा मिग आणि नळीला खाचा पाडायचं यंत्र आहे त्याने हे किट घ्यावं. रेल आणि ब्रॅकेट स्वतः कापत बसण्यापेक्षा पुष्कळ वेळ वाचतो. ज्याला पहिलाच नळीचा जोड ह्या केजवर शिकायचाय त्याने घेऊ नये. मागवताना चार गोष्टी लेखी घालाव्यात: रॉड-एंड वगळून किंमत, हाउसिंगचे फ्लँज सुटे, केजच्या नळ्या बिनखाचेच्या, ब्रॅकेटची भोकं रीमरसाठी कमी मापाची. आणि ड्राइव्हशाफ्टचा लूप (शाफ्ट तुटला तर तो धरून ठेवणारा) वेगळा धरावा: पुढच्या यू-जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, २ इंच रुंद, पाव इंच जाड पोलादी पट्टी. किटच्या क्रॉसमेंबरवर त्याला जागा सोडलेली नाही, म्हणून तो मेंबर पूर्ण वेल्ड करायच्या आधीच लूपचे कान त्यावर टॅक करून घ्यावेत.